शक्यता नाकारता येत नाही

शोल्डाहुल्टची काचभट्टी विझली त्याला चाळीस वर्षं झाली.
धुराडं पाडलं. विटा कुणी कुणी नेल्या, अंगणं फरसबंद केली.
राहिला तो मागचा उतार:
फुटके पेले, फसलेल्या फुलदाण्या, भट्टीची खरवड,
आणि त्यावर उगवलेली बर्चची कोवळी झाडं.
ऊन तिरपं झालं की माती लुकलुकते,
निळी, हिरवी, मधासारखी पिवळी.
सुंदर आहे. आर्सेनिक आहे. शिसं आहे.
तिन्ही वाक्यं अहवालात बसत नाहीत,
पहिलं मी वगळलं.

एप्रिलात, जमिनीतली गोठण उतरल्यावर
बावीस भोकं पाडली आम्ही.
सातव्यातला आकडा
घरांसाठीच्या मूल्याच्या वर,
कचेऱ्यांसाठीच्या मूल्याच्या खाली.
म्हणजे माणसानं इथे दिवसाचे आठ तास बसावं,
आणि संध्याकाळी मातीला हात न लावता निघून जावं.
नियमाच्या भाषेत याला म्हणतात
कमी संवेदनशील वापर.
माझं लग्नही काही वर्षं तसंच वापरात होतं.

नगरपालिकेला इथे घरं हवीत.
चौदा, बैठी, म्हाताऱ्यांसाठी.
म्हातारे इकडे आले की त्यांची मोठी घरं मोकळी होतील,
कुणी तरुण परत येईल, शाळा तगेल.
हेडविगनं नकाशावर बोट ठेवलं:
"एकच शब्द सांग. सुरक्षित की असुरक्षित?"

मी प्रांताला लिहिलं.
प्रांतानं कळवलं, मार्गदर्शक मूल्य म्हणजे मर्यादा नव्हे,
स्थळ पाहून ठरवावं.
मी राजधानीला लिहिलं.
राजधानीनं कळवलं, मूल्यांचा फेरविचार चालू आहे,
तोवर जुनीच वापरावीत, सावधपणे.
सावधपणे म्हणजे किती, ते कोष्टकात नाही.
तळ्यात की मळ्यात, ओरडायला कुणी तयार नाही,
मी आपली रेघेवर, एक पाय उचलून.

माझ्या गणितात एक मूल आहे.
त्याला नाव नाही.
ते रोज चिमूटभर माती खातं,
बर्फ असो, ताप असो, नाताळ असो.
ते कधी मोठं होत नाही.
आ कर म्हटलं तर त्याच्या तोंडात ब्रह्मांड नाही,
एक दशांश चिन्ह दिसतं.

तोर्बोर्ग लिंडफाल्क सातव्या भोकापासून वीस पावलांवर राहते.
काच कापायच्या खात्यात होती. वय त्र्याऐंशी.
तिनं परसातल्या तांबड्या बेरींचं सरबत पुढे केलं.
मी पेला नुसता धरून बसले.
"साठ वर्षं पितेय," ती म्हणाली.
"मला कुठल्या रकान्यात घालशील?"
भिंतीवर तिच्या भावाचा फोटो. रुनो. भट्टीवर होता.
त्रेपन्नाव्या वर्षी गेला, म्हणाली.
माझा हात आपोआप वहीकडे गेला.
"ट्रॅक्टरखाली," ती म्हणाली. "दारू प्यायला होता."
वही मिटली. लाज वाटली,
आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही.

सरबत प्यायले. आंबट होतं.

रात्री अहवाल लिहिला, त्रेचाळीस पानं.
बेचाळिसाव्यावर ते वाक्य आहे,
जे मी वीस वर्षं लिहीत आलेय:
आरोग्यास धोका संभवण्याची शक्यता नाकारता येत नाही.
हेडविगनं ते दोनदा वाचलं.
"म्हणजे आहे?"
नाकारता येत नाही.
"म्हणजे नाही?"
तेही सांगता येत नाही, हेडविग.
तिनं चष्मा काढला, डोळे चोळले,
म्हणाली, लाकडी खोक्यांत बाहेरची माती आणून भरू,
दाखल्यासकट आणलेली.
त्यातच काय ते लावतील.

इच्छुकांची यादी दारावर लावलीय.
पहिलं नाव तोर्बोर्गचं.
तिला घर हवंय तेच, सातव्या भोकावरचं.
तिथे, म्हणे, संध्याकाळचं ऊन
सगळ्यात उशिरापर्यंत राहतं.